दोन चमचे निश्चिंती!

कपभर दुधात पावडर ढवळली की मुलाच्या पोषणाची काळजी मिटली, असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. लेकीचा ब्लड रिपोर्ट हातात पडेपर्यंत!

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. एका गॅसवर पोह्यांची फोडणी, दुसऱ्यावर दूध. सात पंचवीसला स्कूल व्हॅनवाले काका खालून हॉर्न वाजवणार. बायकोची कंपनीची बस पावणेसातलाच गेलेली, त्यामुळे सकाळची शिफ्ट माझी. लेक, वय वर्षं सहा, एक मोजा पायात आणि एक हातात घेऊन डायनिंग टेबलपाशी पेंगतेय. पोह्यांकडे बघून तिने नाक मुरडलं, की मी काय करायचो? वादच घालायचो नाही. डबा उघडायचा, दोन चमचे पावडर, ‘बाबा, अजून चॉकलेटी कर ना’ म्हणून तिसरा चमचा, खळखळ ढवळायचं आणि कप तिच्या हातात. दोन मिनिटांत कप रिकामा! डब्यावर व्हिटॅमिन्स, मिनरल्स, आयर्न, कॅल्शियम अशी भलीमोठी यादी. म्हणजे पोहे राहिले तरी चालतील. संध्याकाळी पाळणाघरातून आली की परत एक कप. बाबा खूश, लेक खूश, व्हॅनवाले काकाही खूश.

मागच्या वर्षी शाळेच्या हेल्थ चेकअपमध्ये तिचं हिमोग्लोबिन निघालं 10.4. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांमध्ये ते निदान 11.5 तरी असावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. थोडक्यात काय, तर रोज दोन कप ‘आयर्नयुक्त’ दूध पिणारी माझी लेक अ‍ॅनिमिक होती!

मी रिपोर्ट घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘दिवसभरात काय काय खाते ते सांगा.’ मी सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला अडखळलो. कारण त्या यादीत दूध होतं, बिस्किटं होती, वरणभाताचे चार घास होते. पालेभाजी, उसळ, फळ हे सगळं ‘कधी कधी’च्या रकान्यात. पावडरने माझ्या लेकीला आजारी पाडलं, असं मी अजिबात म्हणणार नाही. पण तिच्या ताटात काय कमी पडतंय, हे त्या डब्यामुळे मला दिसलंच नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी पहिल्यांदा डब्याची पुढची नव्हे, मागची बाजू वाचली. हा लेख तिथून सुरू झाला.

डबा घरात आला कुठून?

आपली अख्खी पिढी या डब्यांवर वाढलीय. बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट आठवतेय? 1972मध्ये रेडिओवर सुरू झालेला हा कार्यक्रम नव्वदीच्या दशकात टीव्हीवर आला आणि डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नांवर घरोघरी सोफ्यावर बसून उत्तरं दिली गेली. कॉम्प्लानच्या जाहिरातीत लहानगे शाहिद कपूर आणि आयेशा टाकिया होते. बूस्ट म्हटलं की कपिल देव आणि सचिन. डबा म्हणजे हुशारी, डबा म्हणजे उंची, डबा म्हणजे सिक्सर! ही समीकरणं आपल्या डोक्यात तेव्हापासून फिट्ट बसलीत.

त्याआधीची गोष्टही मजेशीर आहे. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या दोन ब्रिटिश भावांनी 1873मध्ये अमेरिकेत कंपनी काढली आणि 1883मध्ये गरम पाण्यात मिसळून प्यायच्या माल्टेड मिल्कचं पेटंट घेतलं. लहान मुलं, आजारी माणसं, ज्यांना जड अन्न पचत नाही अशांसाठी ही सोय होती. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजेतल्या भारतीय जवानांबरोबर हॉर्लिक्स आपल्याकडे आलं, असं सांगितलं जातं. बोर्नव्हिटा आलं 1948मध्ये. त्या काळात दुधाची टंचाई होती. ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू व्हायला 1970 उजाडलं. ताजं दूध मिळणंच कठीण होतं तेव्हा पाण्यात मिसळून पिता येईल अशी पौष्टिक पावडर हा मोठाच आधार होता. दक्षिण आणि पूर्व भारतात हे डबे जास्त रुजले, त्याचं हेही एक कारण.

आज परिस्थिती उलटी आहे. जगात सर्वाधिक दूध भारतात तयार होतं. आपल्या शहरात पहाटे दाराला पिशवी लटकते आणि विसरलीच तर अ‍ॅपवर दहा मिनिटांत येते. टंचाई गेली, डबा मात्र ओट्यावर तसाच राहिला. फक्त त्याचं काम बदललं. पूर्वी तो दुधाची जागा घ्यायचा, आता तो आपल्या वेळेची जागा घेतो.

नावात बरंच काही आहे

2023च्या एप्रिलमध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेबद्दल एक व्हिडिओ टाकला आणि तो तुफान फिरला. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली, त्याने माफी मागून व्हिडिओ काढला; पण तोपर्यंत चर्चा घराघरांत पोचली होती. त्याच महिन्यात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीला नोटीस दिली आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिराती, लेबलं मागे घ्यायला सांगितली. डिसेंबर 2023मध्ये बातमी आली, की बोर्नव्हिटामधली अ‍ॅडेड शुगर 100 ग्रॅमला 37.4 ग्रॅमवरून 32.2 ग्रॅमवर आणलीय. कंपनीचं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं, की आपलं उत्पादन नियमांत बसणारं आहे. खरंय, नियम कुणी मोडलेच नव्हते. प्रश्न तिथेच तर होता!

पुढच्या वर्षी खरी गंमत कळली. ‘हेल्थ ड्रिंक’ हा शब्द आपण इतकी वर्षं बिनदिक्कत वापरतोय, पण 2006च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात या नावाची व्याख्याच नाही! 2 एप्रिल 2024 रोजी एफएसएसएआयने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं, की दूध, धान्य किंवा माल्टपासून बनवलेल्या पेयांच्या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ किंवा ‘एनर्जी ड्रिंक’च्या सदरात विकू नका. पाठोपाठ 10 एप्रिलला केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानेही तशीच सूचना काढली. त्याच महिन्यात हॉर्लिक्स आणि बूस्ट विकणाऱ्या हिंदुस्तान युनिलिव्हरने आपल्या या विभागाचं नाव ‘हेल्थ फूड ड्रिंक्स’वरून ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स’ असं केलं. डबा तोच, पावडर तीच, पाटी बदलली.

आणि हे फक्त पावडरींपुरतं नाही. जून 2024मध्ये एफएसएसएआयने कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून बनवलेल्या ज्यूसवरचा ‘100 टक्के फ्रूट ज्यूस’ हा दावा काढायला लावला. ऑक्टोबर 2025मध्ये ठरलेल्या फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला बंदी आली. त्यामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांचा कित्येक वर्षांचा पाठपुरावा होता. जुलाब झालेल्या मुलाला आईबाप औषध समजून साखरेचं पाणी पाजत होते, हे त्यांचं दुखणं.

तिन्ही गोष्टींत धागा एकच. आपण विकत घेतो ते नाव. आत काय आहे, ते बारीक अक्षरात मागे लिहिलेलं असतं.

चमच्याचं गणित

चला, आता थोडा हिशेब करू. ऑफिसात आपण तासन्‌तास एक्सेल शीट बघतो, पाच मिनिटं हेही बघायला हरकत नाही.

‘अ‍ॅडेड शुगर’ म्हणजे वरून घातलेली साखर. दुधात मुळात असलेली साखर यात धरत नाहीत. 2015मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की वरून घेतलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी; 5 टक्क्यांच्या आत ठेवलीत तर आणखी चांगलं. आयसीएमआरच्या हिशेबाने चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1360 कॅलरी लागतात. एक ग्रॅम साखर म्हणजे चार कॅलरी. म्हणजे 10 टक्क्यांची मर्यादा येते 34 ग्रॅम, आणि 5 टक्क्यांची 17 ग्रॅम. सपाट भरलेले जेमतेम चार छोटे चमचे.

आता डबा घ्या. समजा, 100 ग्रॅम पावडरमध्ये 30 ग्रॅम अ‍ॅडेड शुगर लिहिलीय. डब्यावर सांगितलेला एक डोस बहुतेकदा 20 ग्रॅमचा असतो. म्हणजे कपाला 6 ग्रॅम, दीड चमचा साखर. फार वाटत नाही ना? पण माझा चमचा डब्यावरच्या चमच्यासारखा सपाट नव्हता, आणि तिसरा चमचा तर बोनस होता. कपाला 30 ग्रॅम पावडर, दिवसाला दोन कप, म्हणजे 60 ग्रॅम. त्यातून 18 ग्रॅम साखर. लेकीचा 17 ग्रॅमचा आदर्श कोटा दुधातच संपला! मग मधल्या सुट्टीतली क्रीमची बिस्किटं, पोळीवरचा जॅम, पराठ्याबरोबरचा सॉस, कुणाच्या तरी वाढदिवसाचं चॉकलेट हे सगळं वरकड. आमच्याकडे आजी लाडाने त्या कपात ‘जरा गोडवा येऊ दे’ म्हणून अर्धा चमचा साखर वरून घालायची, ते वेगळंच.

लेबलवर एक बारकाव्याची गोष्ट असते, ती बघा. अ‍ॅडेड शुगरपुढे ‘आरडीएच्या इतके टक्के’ असा आकडा असतो. आपल्या लेबलिंगच्या नियमांत हे टक्के सरासरी प्रौढ माणसाच्या हिशेबाने, दिवसाला 2000 कॅलरी आणि 50 ग्रॅम साखर धरून काढतात. तुमच्या पाच वर्षांच्या पिल्लाच्या हिशेबाने नाही. मोठ्या माणसासाठी 12 टक्के दिसणारा आकडा लहानग्यासाठी बराच मोठा असतो.

आणि गोडाचा खरा त्रास आकड्यांपेक्षा जिभेला होतो. रोज चॉकलेटी दूध पिणाऱ्या मुलाला साधं दूध बेचव लागतं, मग साधं दही, मग भाजीही. दातांचं तर विचारूच नका. रात्री झोपताना गोड दूध पिऊन ब्रश न करता झोपलेली मुलं डेंटिस्टच्या खुर्चीत लवकर पोचतात.

मग ती व्हिटॅमिन्स खोटी का?

नाही, खोटी नाहीत. डब्यावर लिहिलेली व्हिटॅमिन्स आणि मिनरल्स पावडरमध्ये घातलेली असतात. अन्नात पोषक द्रव्यं मिसळण्याची कल्पनाही वाईट नाही. मिठातलं आयोडीन हे त्याचं उत्तम उदाहरण. चिमूटभर मिठाने गलगंडाला लगाम घातला. दुधाच्या पिशवीवर कधी अधिकचं चिन्ह आणि ‘एफ’ हे अक्षर दिसलं, तर त्या दुधात ए आणि डी व्हिटॅमिन मिसळलेलं आहे, असं समजा. तेही साखरेशिवाय!

आपल्या मुलांत कमतरता आहेत, हेही खरं. 2016 ते 2018 दरम्यान झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांची 41 टक्के आणि पाच ते नऊ वर्षांची 24 टक्के मुलं अ‍ॅनिमिक आढळली. टीनएजर्समध्ये हे प्रमाण 28 टक्के होतं. म्हणजे प्रश्न खरा आहे. पण मुलाला नेमकं काय कमी पडतंय आणि डब्यातून काय मिळतंय, या दोन याद्या जुळतात का?

कॅल्शियम घ्या. 200 मिलीच्या कपभर साध्या दुधात साधारण 240 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 550 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 16 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे दोन कप साधं दूध प्यायलं, की कॅल्शियमचं काम जवळजवळ झालं आणि प्रथिनांचं बरंचसं. ‘दूध आणि पावडर’ या जोडीतलं खरं काम दूधच करत असतं, पण श्रेय डबा घेऊन जातो!

आता लोह. दुधात लोह जवळपास नसतंच. म्हणून पावडरमध्ये घालतात. पण ते जातं कुठे, तर दुधातच. आणि दुधातलं कॅल्शियम व केसीन हे प्रथिन लोह शोषलं जाण्यात अडथळा आणतात. डब्यावर लिहिलेले सगळे मिलिग्रॅम रक्तापर्यंत पोचत नाहीत. शिवाय दुधाने पोट भरतं. सकाळी पोटभर गोड दूध प्यायलेलं मूल नाश्ता कशाला करेल? आमच्याकडे हेच झालं होतं. ज्या पोह्यांवर लिंबू पिळलं, शेंगदाणे घातले, कोथिंबीर पेरली, ते मागे पडले आणि लोहाला शोषणात मदत करणारं व्हिटॅमिन सीही त्यांच्याबरोबर गेलं.

बी गटातली व्हिटॅमिन्स आणि सी पाण्यात विरघळतात. गरजेपेक्षा जास्त झाली की बहुतांश लघवीवाटे निघून जातात. ए आणि डी मात्र चरबीत विरघळतात आणि शरीरात साठतात. एका कपाने काही बिघडत नाही. पण पावडर, वर व्हिटॅमिनच्या गमीज, वर मेडिकलमधून आणलेलं टॉनिक असा तिहेरी मारा डॉक्टरांना न विचारता सुरू असेल, तर तो थांबवा. गमीज म्हणजे गोळ्या-चॉकलेट नव्हेत, हे मुलांना कळत नाही. आपल्याला कळायला हवं.

उंची वाढते का हो?

आईबाबांच्या मनातला हा नंबर वन प्रश्न. 2008मध्ये ब्रिटनमध्ये एक गमतीशीर प्रकार घडला. मुलं ‘उंच, बळकट, हुशार’ होतात, असं सांगणारी हॉर्लिक्सची जाहिरात तिथल्या एका नेपाळी वाहिनीवर दाखवली गेली. तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने या दाव्याला पुरेसा आधार नाही म्हणून ती पुन्हा दाखवायला मनाई केली. जाहिरात ब्रिटनसाठी नव्हतीच, असं कंपनीने सांगितलं. कॉम्प्लानच्या जाहिरातीलाही तेव्हा हाच अनुभव आला.

उंची मुख्यतः आईबाबांकडून येते. त्यानंतर पुरेसं जेवण, पुरेशी झोप, वरचेवर आजारी न पडणं आणि भरपूर खेळ. ज्या मुलाला मुळात खायलाच कमी मिळतं, त्याला जादा पोषण मिळालं की वाढीत फरक दिसू शकतो. पण दोन वेळ जेवणाऱ्या, टॉवरमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलांना पावडरने चार इंच जादा मिळतील, ही आशा सोडा. त्यांना कमी पडतं ते ऊन आणि मैदान. ते मात्र डब्यात भरता येत नाही.

पावडर नको म्हणून ज्यूस?

अगदी हाच यू-टर्न आमच्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने घेतला. पावडर बंद आणि व्हिटॅमिन सी वाला आंब्याचा टेट्रापॅक सुरू. लेबलवर 100 मिलीला 13 ग्रॅम साखर असेल, तर 200 मिलीच्या पॅकमध्ये होतात 26 ग्रॅम. पावडरच्या चार कपांइतकी! भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2019च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की दोन वर्षांखालच्या मुलांना ज्यूस देऊच नये. दोन ते पाच वयात दिवसाला 125 मिली आणि त्यापुढे 250 मिली ही वरची मर्यादा. त्यापेक्षा अख्खं संत्रं, अख्खा पेरू द्या. चावायला वेळ लागतो, हाच त्याचा फायदा.

आणि कॅनमधली एनर्जी ड्रिंक्स? त्यात व्हिटॅमिन बी लिहिलेलं असलं तरी खरं काम कॅफीन करतं. मुलांसाठी योग्य नाही, हे त्या कॅनवरच छापलेलं असतं. दहावीच्या अभ्यासाला जागायला म्हणून घरात कॅन येत असतील, तर भाच्या-पुतण्यांनाही हे वाचून दाखवा.

आमच्या घरी काय झालं

डॉक्टरांनी लोहाचं सिरप आणि जंतांचं औषध दिलं. खाण्यातले बदल आमच्यावर सोडले. डबा एका दिवसात बंद केला असता, तर घरात युद्ध झालं असतं. म्हणून तीनचे दोन चमचे केले, पंधरा दिवसांनी दोनाचा एक, मग अर्धा. आजीला वरची साखर थांबवायला सांगणं सगळ्यात अवघड गेलं! पण चिपळूणहून माझी आई आली होती, तिने डबा हातात घेऊन विचारलं, ‘अरे, तुला मी काय हे देऊन वाढवलं का? नाचणीचं सत्त्व विसरलास?’

विसरलोच होतो. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आता संध्याकाळी कधी नाचणीचं सत्त्व, कधी केळं घालून घुसळलेलं दूध, कधी नुसतं वेलची-केशराचं. सकाळी दूध नाहीच, आधी नाश्ता. पोहे, उपमा, थालीपीठ, धिरडं, उकडलेलं अंडं यांपैकी जे जमेल ते, वर लिंबू. डब्यात शेंगदाण्याची चटणी किंवा मोडाची उसळ. हळिवाचे लाडू थंडीत. गूळ, मध म्हणजे साखर नव्हे, असं समजून लाडवांचा डबा मोकळा सोडू नका बरं का. शरीराच्या दृष्टीने तीही साखरच.

यातलं काही रोज जमतं असं नाही. रिलीजच्या आठवड्यात आमच्याकडेही ब्रेड-बटर असतं. बायको आणि मी रविवारी रात्री अर्धा तास बसून मटकी भिजवतो, धिरड्याचं पीठ दळून ठेवतो, शेंगदाणे भाजतो. पूर्वी हा अर्धा तास मिळतच नव्हता, असं मी शपथेवर सांगितलं असतं. मोबाइल बाजूला ठेवला की मिळतो.

तीन महिन्यांनी परत तपासलं, तेव्हा हिमोग्लोबिन 11.7 आलं. सिरपमुळे किती आणि उसळीमुळे किती, ते मी सांगू शकत नाही. पण आता डॉक्टरांनी ‘काय खाते?’ विचारलं, तर मी अडखळत नाही.

डबा अगदी शत्रू आहे का? नाही. मूल दुधाला हातच लावत नसेल, तर अर्धा चमचा पावडर घालून ते दूध पोटात जात असेल, तर जाऊ द्या. प्रवासात, पावसाळी संध्याकाळी, मैत्रिणी घरी आल्यावर मजेत प्या. फक्त ती मजा आहे, हे लक्षात ठेवा. चॉकलेटला आपण जसं चॉकलेट म्हणतो तसं. औषध नाही आणि जेवणही नाही. मूल खरंच अशक्त असेल, आजारातून उठलं असेल, वजन वाढत नसेल, तर काय द्यायचं ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील, जाहिरात नाही.

डबा कार्टमध्ये टाकण्याआधी...

• पुढचं चित्र नको, मागचा तक्ता वाचा. ‘अ‍ॅडेड शुगर’ 100 ग्रॅमला किती, ते आधी बघा.

• घटकांची यादी जास्तीपासून कमीकडे जाते. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर तो गोड पदार्थ आहे. लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावंही ओळखून ठेवा.

• डब्यावरचा एक डोस आणि तुमचा चमचा एकच आहे का? एकदा किचनच्या काट्यावर मोजून बघाच.

• दोन वर्षांखालच्या बाळाच्या दुधात वरून साखर किंवा गोड पावडर अजिबात नको.

• दिवसाला साधारण दोन कप दूध पुरे. दूध आवडत नसेल तर दही, ताक, पनीर आहेच.

• लोहाचं सिरप सुरू असेल तर ते दुधाबरोबर देऊ नका.

• मूल फिकट दिसतंय, लवकर दमतंय, माती-खडू खातंय? अंदाज बांधू नका, रक्त तपासून घ्या.

आज सकाळी पण व्हॅनवाल्या काकांनी हॉर्न वाजवला तेव्हा लेकीच्या ताटलीत चार घास पोहे शिल्लक होते. ती तशीच पळाली. मी हात डब्याकडे नेला नाही. ते चार घास मीच उभ्या उभ्या खाल्ले आणि ऑफिसला निघालो. तुम्हीही आज घरी पोचलात की बॅग ठेवायच्या आधी ओट्यावरचा तो डबा जरा उलटा फिरवून बघा. वाचायला तीन मिनिटं लागतात.